नव्या लॅपटॉपवर पुन्हा विंडोज टाकावे काय?

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

हल्ली आमच्या यवत परिसरात कुणाच्या घरी नवा लॅपटॉप आला, की पेढ्यांच्या पाठोपाठ एक प्रश्नही घरात येतो : “फॉरमॅट मारून घेतला का?” विचारणारा कधी वरच्या वर्गातला दादा असतो, कधी पुण्याला कंपनीत जाणारा चुलतभाऊ, तर कधी चौकातला मोबाइल दुरुस्तीचा दुकानदार. ‘कंपनीने आत नाही नाही ते भरून दिलेले असते, ते सारे पुसून विंडोज नव्याने टाकल्याशिवाय यंत्र वापरूच नये,’ असे एक पक्ष म्हणतो. ‘चालत्या मोटारीचा पंप उगाच कशाला खोलायचा?’ असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष ठामपणे बोलतात. कारणे मात्र क्वचितच सांगतात.

वरवर पाहता हा विषय शास्त्र शाखेचा वाटेल, आणि कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का पडावे असेही कुणी म्हणेल. परंतु आज आपले प्रकल्प, परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज, टिपणे, इतकेच काय या वार्षिकांकाचे लेखही याच यंत्रावर होतात. शिवाय ज्या घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारे आम्हीच पहिले, त्या घरांत लॅपटॉप ही उसाच्या बिलातून, घराचे पत्रे बदलण्याचे काम एक वर्ष पुढे ढकलून घेतलेली वस्तू असते. ती बिघडली तर दुसरी येत नाही, आणि विचारावे असे घरात कुणी नसते. म्हणून यंदा वाचून, विचारून आणि स्वतः हाताळून मला जे समजले, ते माझ्या बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम ‘विंडोज टाकणे’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागात गुऱ्हाळ पाहिले नाही असा विद्यार्थी विरळा. चरक रस काढतो, चुलवण पेटते, काहिलीत रस उकळतो; पण जाळ केव्हा वाढवायचा, मळी केव्हा काढायची आणि काहील केव्हा उतरायची हे सारे गुळव्या ठरवतो. गुळव्या स्वतः ऊस गाळत नाही, पण त्याच्यावाचून गूळ होत नाही. लॅपटॉपमधील प्रोसेसर, मेमरी, पडदा, कळफलक आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम या सर्वांत मेळ घालणारा असा जो गुळव्या, त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे विंडोज ही त्यांतील आपल्या सर्वाधिक परिचयाची. लिनक्स ही दुसरी. ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे डिस्कवरचे सर्व पुसून टाकणे, आणि ‘विंडोज टाकणे’ म्हणजे त्या मोकळ्या जागेवर कार्यप्रणाली नव्याने बसवणे. क्रिया दोन आहेत. बोलताना आपण त्यांची एकच करून टाकतो.

आता मुख्य प्रश्न. माझ्या मते ‘टाकावे’ किंवा ‘टाकू नये’ असे सरसकट उत्तर देणेच चुकीचे आहे. यंत्र नवे आहे की जुने, यापेक्षा त्यातील विंडोज कुणी टाकले आणि ते कुणाच्या नावावर आहे, हे महत्त्वाचे. जमीन घेताना आपण पीक पाहून भुलत नाही, आधी सातबारा पाहतो. लॅपटॉपच्या बाबतीतही तसेच केले, तर तीन प्रकार स्पष्ट दिसतात.

पहिला प्रकार, कारखान्यातूनच परवान्यासह विंडोज घालून आलेला लॅपटॉप. त्याच्या बिलावर आणि खोक्यावर विंडोजचा उल्लेख असतो. पूर्वी परवान्याचा क्रमांक यंत्राच्या पाठीवर चिकटवलेला असे. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून तो बहुधा यंत्राच्या आतल्या चिपमध्येच नोंदवलेला असतो. म्हणून अशा यंत्रावर विंडोजची तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर परवाना बुडत नाही. यंत्र तो स्वतःच ओळखते. ‘फॉरमॅट केला की विंडोजचे पैसे वाया जातात’ ही भीती निराधार आहे.

मग अशा यंत्रावर पुन्हा टाकण्याचा आग्रह का धरला जातो? त्याला कारण आहे. कंपन्या विंडोजबरोबर आपले स्वतःचे प्रोग्रॅम, महिनाभर फुकट चालणारे अँटिव्हायरस, खेळ वगैरे भरून देतात. बहुतेक वेळा हा प्रकार केवळ कटकटीचा असतो, पण एकदा तो धोक्याचाही ठरला. सप्टेंबर २०१४ पासून विकल्या गेलेल्या लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम कारखान्यातूनच घातलेला होता. आपण पाहत असलेल्या पानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने सुरक्षित जोडणीच्या कुलपालाच आपली किल्ली लावली होती, आणि ती किल्ली सर्व यंत्रांवर एकच होती. ज्याच्या हाती ती पडेल, त्याला दुसऱ्याचा बँकेचा व्यवहारही वाचता येण्याजोगा होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आल्यावर कंपनीने प्रोग्रॅम घालणे बंद केल्याचे सांगितले व तो काढण्याचे साधन दिले; २०१७ साली अमेरिकेतील व्यापार आयोगाशी तिला तडजोडही करावी लागली. तेव्हा ‘नवे यंत्र म्हणजे स्वच्छ यंत्र’ असे डोळे मिटून मानू नये, हे खरे.

परंतु याच २०१५ सालातील दुसरी गोष्टही लक्षात घेतली पाहिजे. त्याच कंपनीच्या काही यंत्रांत असे आढळले, की डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकले, तरी मदरबोर्डवरील चिपमधून कंपनीचा प्रोग्रॅम पुन्हा आत येऊन बसत होता. पुढे कंपनीने तोही बंद केला. तात्पर्य असे, की फॉरमॅट हा काही सर्व दोषांवरचा अंगारा नव्हे.

शिवाय पुसण्यालाही किंमत पडते. नव्याने टाकलेल्या विंडोजला कधी कधी यंत्रातील वायफायचा भाग ओळखता येत नाही, त्यासाठी लागणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवरून घ्यावा लागतो, आणि वायफायच नसल्यामुळे इंटरनेट नसते. त्यातच विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. म्हणजे विहिरीत पाणी आहे, पण दोर विहिरीतच पडला आहे, अशी गत होते. शहरात शेजारी दुसरा संगणक असतो. आपल्याकडे तो शोधत दौंड नाहीतर उरुळी कांचन गाठावे लागते.

म्हणून पहिल्या प्रकारच्या लॅपटॉपवर पुन्हा विंडोज टाकण्याची सहसा गरज नाही, असे माझे मत झाले आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडावी, नको असलेले प्रोग्रॅम एकेक करून काढावेत आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. मुदतीचा अँटिव्हायरस काढला तर यंत्र उघडे पडेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. विंडोजमध्येच डिफेंडर नावाचा राखणदार असतो, आणि दुसरा अँटिव्हायरस निघाला की तो आपोआप कामाला लागतो. माझ्या लॅपटॉपच्या बिलावर विंडोजचा स्पष्ट उल्लेख होता. मी एका दुपारी बसून असे अकरा प्रोग्रॅम काढले. फॉरमॅट केला नाही. आमचे आबा शेजारी बसून पाहत होते. ते म्हणाले, “अगं, नवीन वस्तू, तिच्यात पुसायचं काय?” मी म्हटले, “आबा, नवं बियाणं आणलं तरी आपण निवडूनच घेतो ना?” त्यांना ते पटले.

दुसरा प्रकार, ज्याला बाजारात ‘डॉसवाला’ लॅपटॉप म्हणतात. त्याच्या बिलावर विंडोजऐवजी डॉस किंवा फ्रीडॉस असे लिहिलेले असते. फ्रीडॉस ही जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेली मुक्त कार्यप्रणाली आहे. परवान्याचा खर्च वाचवून किंमत उतरवण्यासाठी कंपन्या ती घालून देतात. तिच्यात काही गैर नाही. पण पडदा काळा आणि अक्षरे पांढरी, त्यामुळे आपल्याला तिचा उपयोग होत नाही. मग विक्रेता म्हणतो, “काळजी करू नका, विंडोज आपल्याकडून फुकट टाकून देतो.” इथेच खरी मेख आहे.

परवान्यावाचून टाकलेले विंडोज चालते ठेवण्यासाठी ‘क्रॅक’ नावाचा प्रोग्रॅम वापरला जातो. तो कुणी लिहिला, त्यात आणखी काय दडले आहे, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तो चालावा म्हणून राखणदाराला झोपवले जाते, आणि पकडले जाऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या दुरुस्त्याही पुष्कळदा बंद केल्या जातात. घराला दार फुकट बसवून मिळाले, पण कडी काढून घेतली, असा हा व्यवहार होय.

या दुरुस्त्यांना किती महत्त्व आहे, हे आपल्याच राज्यात एकदा दिसून आले. जून २०१७ च्या अखेरीस उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. हे टर्मिनल डेन्मार्कचा मर्स्क समूह चालवीत होता, आणि त्या समूहाच्या जगभरच्या संगणकांवर २७ जूनला ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने हल्ला केला होता. सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅममधून झाली. तेथून तो ज्या वाटांनी पसरला, त्यांतील एक वाट म्हणजे विंडोजमधील एक फट होती. ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत सांगितले, की ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. पुन्हा टाकण्याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल. त्यांच्याजवळ माणसे होती, पैसा होता. आपला एकुलता एक लॅपटॉप परीक्षेच्या आदल्या दिवशी असा बंद पडला, तर आपल्याजवळ काय आहे?

म्हणून दुसऱ्या प्रकारात माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : असे विंडोज असेल तर ते पुसावे आणि पुन्हा टाकावे. टाकायचे काय, याला दोन मार्ग आहेत. परवाना रीतसर विकत घेणे हा पहिला. त्याला काही हजार रुपये पडतात. म्हणून लॅपटॉप घेतानाच परवान्यासह घेतलेला बहुधा बरा पडतो. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग लिनक्सचा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. उबुंटू, मिंट ही तिचीच रूपे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्तीही तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांनी संगणक शिक्षणासाठी मुक्त प्रणाली स्वीकारल्याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. लेखन, वाचन, तक्ते, इंटरनेट ही कला शाखेची कामे तिच्यावर उत्तम होतात. मात्र केवळ विंडोजसाठी लिहिलेले काही प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत, हेही आधी जाणून असावे. फुकट म्हणून चोरीचे आणि फुकट म्हणून मोकळेपणाने दिलेले, यांत पुष्कळ अंतर आहे.

तिसरा प्रकार, दुसऱ्याने वापरलेला लॅपटॉप. यात विचार करण्यासारखे काहीच नाही. तो पुसून पुन्हा टाकावाच. आधीच्या मालकाची खाती, कागद, नकळत शिरलेले प्रोग्रॅम हे सारे त्यात असू शकते. पण घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. कंपन्यांच्या वापरातून निघालेले काही लॅपटॉप त्या कंपनीच्या नोंदीतून काढलेले नसतात. ते पुसले, तरी इंटरनेटला जोडताच त्या कंपनीचे खाते मागतात आणि पुढे सरकत नाहीत. हे बोजा चढलेल्या जमिनीसारखे आहे. नांगरट नवी केली तरी बोजा उतरत नाही. दुसरे असे, की विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रात ती नसेल, तर विंडोजचा हट्ट न धरता लिनक्स टाकणेच शहाणपणाचे.

आता ज्याकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे तो मुद्दा. विंडोज कारखान्याचे असो वा दुकानदाराचे, पहिल्यांदा यंत्र सुरू करताना एक खाते लागते आणि काही अटी मान्य कराव्या लागतात. आपण दुकानातच म्हणतो, “दादा, तुम्हीच करून द्या.” दुकानदारही घाईत आपल्याच एखाद्या ई-मेलवर ते उघडून देतो. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत असेच झाले. पुढे एका दुरुस्तीनंतर तिचा लॅपटॉप सुरू होताना ४८ आकड्यांची किल्ली मागू लागला. आजकाल बऱ्याच नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची किल्ली ज्या खात्याने यंत्र सुरू केले त्या खात्यात जाऊन पडते. ते खाते दुकानदाराचे, आणि त्याचा पासवर्ड त्यालाही आठवेना. शेवटी डिस्क पुसावी लागली, आणि तिने आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा सारा संग्रह त्यात गेला. लॅपटॉप तिच्या घरच्यांच्या पैशाचा, आणि किल्ली परक्याच्या हाती!

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे मला या ठिकाणी सुप्याची आठवण होते. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, यवतपासून फार दूर नाही. १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांतील वह्या व कर्जखते काढून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. न वाचता उठवलेल्या अंगठ्यांची ती खते होती. त्यानंतर १८७९ साली जो शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्यात शेतकऱ्यांची खते गावच्या निबंधकासमोर लिहिली जावीत अशी तरतूद करण्यात आली. आपण कशाला बांधले जात आहोत हे माणसाला कळावे, हा त्यामागील हेतू. सावकार आणि दुकानदार यांची मी तुलना करीत नाही. परंतु न वाचता ‘आय अ‍ॅग्री’ दाबणे हाही अंगठाच आहे. फक्त त्याला शाई लागत नाही. आजोबांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी अंगठा दिला. आपल्याला येते.

मराठीसंबंधी एक गैरसमजही दूर केला पाहिजे. मराठी लिहिण्यासाठी वेगळे विंडोज टाकून घ्यावे लागते, असे काहींना वाटते. आजच्या विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो. सेटिंगमध्ये भाषा जोडली की झाले. आपल्याकडच्या अनेक लॅपटॉपवर विंडोजची ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. तिच्यात पडद्यावरील सूचनांची भाषा एकच ठेवता येते. मात्र टंकलेखन कोणत्याही भाषेत करता येते. तेव्हा केवळ मराठीसाठी फॉरमॅट मारण्याचे कारण नाही.

अखेरीस, ज्यांना पुन्हा टाकावेच लागेल, त्यांच्यासाठी थोडक्यात क्रम सांगते. प्रथम आपला सर्व मजकूर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. आपले स्वतःचे खाते उघडून ती ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. यंत्राबरोबर ऑफिसचा परवाना आला असल्यास तो आधी आपल्या खात्याला जोडावा. वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या स्थळावरून आधीच उतरवून ठेवावा. परवान्याचे विंडोज असेल तर पेनड्राइव्हची यातायात न करता सेटिंगमधील ‘रीसेट’ ही सोय वापरता येते. तिच्यात इंटरनेटवरून नवी प्रत घेण्याचा आणि यंत्रातीलच प्रत वापरण्याचा, असे दोन पर्याय असतात. पहिल्याला ४ जीबीहून अधिक डेटा लागतो, म्हणून रोजच्या दीड-दोन जीबीवर भागवणाऱ्या आपल्यासारख्यांनी दुसरा निवडावा. विंडोज परवान्याचे नसेल, तर मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरून घेतलेली प्रत किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर करून, तिच्यावरूनच टाकावे. सारे करताना चार्जर जोडलेला असावा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून बॅटरीही भरलेली असावी.

तेव्हा ‘फॉरमॅट मारला का?’ असे कुणी विचारले, तर आपण उलट विचारावे : ‘बिलावर काय लिहिले आहे? खाते कुणाच्या नावावर आहे? किल्ली कुणाजवळ आहे?’ या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर यंत्राला हात लावू नये आणि सुखाने अभ्यासाला लागावे. नसतील, तर एक रविवार खर्च करून ते पुसावे आणि स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर पुन्हा उभे करावे. हे काम अवघड नाही. दोन-तीन तासांत होते. आपल्यापैकी प्रत्येक गावातल्या एकाने जरी ते शिकून घेतले, तरी गावातल्या पुढच्या लॅपटॉपला विचारायला घराजवळ माणूस मिळेल.